लाळ दिली एका कंपनीला, मालक होणार दुसरी

प्रश्न: गेल्या वर्षी मिस्टरांच्या हिंजवडीतल्या ऑफिसात आरोग्य शिबिर होतं. तिथे एका जेनेटिक टेस्टिंग कंपनीने कर्मचारी आणि घरच्यांची ‘वेलनेस डीएनए टेस्ट’ ऑफिसच्या खर्चाने करून दिली. मी, मिस्टर आणि आमचा अकरा वर्षांचा मुलगा अशा तिघांनी लाळ दिली. सासऱ्यांसाठीही किट आणलं होतं, पण ते तसंच कपाटात पडून आहे. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आले. मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘स्पोर्ट्स टॅलेंट’ असंही काही आहे. आता मेल आलाय की ही कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार आणि ‘आपली सेवा अखंड सुरू राहील’. नणंद चिडून म्हणाली, “तुम्ही आमचाही डीएनए देऊन बसलात.” मिस्टर म्हणतात, काही होत नाही. ही माहिती नक्की कोणाच्या मालकीची? परत काढून घेता येते का? यंदा आरोग्य विम्याची रक्कम वाढवायची आहे, तिथे हे सांगावं लागेल का? — स. कु., कोथरूड

उत्तर:

ताई, मेलमधली ‘अखंड सेवा’ बाजूला ठेवा आणि आधी दोन गोष्टी विचारून घ्या. विलीनीकरण कोणत्या तारखेला लागू होतंय? आणि ते कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या (एनसीएलटीच्या) मंजुरीने होतंय, की नुसती व्यवसायाची खरेदी-विक्री आहे?

हे विचारायचं कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे. त्याच्या कलम १७ मध्ये कंपन्यांना एक मोठी सवलत दिलेली आहे. न्यायालयाने किंवा न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या विलीनीकरणासाठी तुमचा डेटा हाताळावा लागत असेल, तर संमती, माहिती मागणं, खोडायला लावणं यांतलं बहुतेक काही तिथे लागू होत नाही. साध्या खरेदी-विक्रीला ही सूट नाही. कायद्याचा हा भाग मे २०२७ मध्ये अंमलात येतो, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते यातून दिसतं. जे आधीच खोडलं गेलंय ते नव्या मालकाकडे जाऊच शकत नाही, म्हणून तुमचं पत्र याच आठवड्यात जायला हवं.

मिस्टरांना ‘काही होत नाही’ची दोन उदाहरणं दाखवा, दोन्ही एकाच कंपनीची. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए टेस्ट करणाऱ्या कंपनीत २०२३ मध्ये चोरांनी साधारण १४,००० खाती उघडली. त्यासाठी त्यांना कंपनीची तिजोरी फोडावी लागली नाही. इतर वेबसाइटांवरून फुटलेले पासवर्ड इथे लावून पाहिले आणि ज्यांनी सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला होता त्यांची खाती उघडली. पण डीएनए जुळणारे इतर ग्राहक दाखवणाऱ्या ‘नातेवाईक शोधा’ या सोयीतून त्या १४,००० खात्यांमागून ६९ लाख लोकांची माहिती बाहेर पडली. पुढे मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती ही विक्रीतली मुख्य मालमत्ता ठरली. रीजेनेरॉन या औषध कंपनीने २५.६ कोटी डॉलर देऊ केले. शेवटी कंपनीच्या संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ३०.५ कोटी डॉलरला सौदा नेला. कॅलिफोर्नियाच्या अ‍ॅटर्नी जनरलनी त्याआधीच लोकांना जाहीरपणे सांगितलं होतं की आपला डेटा खोडून घ्या.

आता मालकी. भारतात ‘ग्राहकाच्या जनुकीय माहितीचा मालक अमुक’ असं सांगणारा कायदा नाही. डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचं २०१९ चं विधेयक होतं, ते सरकारने २०२३ मध्ये मागे घेतलं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं मात्र स्पष्ट आहेत: नमुना आणि त्यातून निघालेली माहिती देणाऱ्याची, बायोबँक (नमुने साठवणारी पेढी) किंवा संस्था फक्त विश्वस्त. पण ती संशोधनात भाग घेणाऱ्यांसाठी आहेत. तुम्ही ग्राहक म्हणून गेलात, त्यामुळे तुमच्यात आणि कंपनीत आहे तो करार, म्हणजे शिबिरात टॅबवर घाईने ‘आय अ‍ॅग्री’ केलेला मजकूर. त्यात बहुधा ‘तुमची माहिती तुमचीच’ असं ठळक अक्षरांत असेल आणि चार परिच्छेद खाली ती वापरायचा, बदलायचा, भागीदारांना द्यायचा परवाना कंपनीने घेतलेला असेल. मालकीच्या वादात कागद तुमच्या बाजूने असूनही हातात काही येत नाही. संमती मागे घेणं हे हत्यार चालतं, तेच वापरा.

त्यासाठी तुमच्या ‘डीएनए’चे तीन तुकडे वेगळे ओळखायला हवेत, कारण ते तीन ठिकाणी पडलेले असतात. पहिला तुकडा म्हणजे नळीतली उरलेली लाळ आणि तिच्यातून काढलेला डीएनए. हा बहुतेक वेळा किट विकणाऱ्या कंपनीकडे नसतोच, तिने नेमलेल्या प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये असतो. दुसरा म्हणजे रॉ डेटा. वेलनेस टेस्टमध्ये सहसा चिपवर डीएनएच्या काही लाख ठिकाणची अक्षरं (ए, टी, जी, सी हे घटक) वाचतात. पूर्ण जिनोम, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, सुमारे ३०० कोटी अक्षरांचा, त्यामुळे ही फक्त निवडक ठिकाणं. त्याची एक साधी मजकूर-फाइल बनते, काही एमबींची, ईमेलला सहज जोडता येईल एवढी. तिसरा म्हणजे तुम्हाला आलेला रंगीत रिपोर्ट. लोक रिपोर्ट खोडायला सांगतात आणि निर्धास्त होतात. रिपोर्टला सगळ्यांत कमी किंमत आहे. फाइल खोडली तरी नळी शाबूत असेल तर फाइल पुन्हा बनवता येते. शिवाय २०२३ चा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे, फ्रीजरमधल्या नळीला नाही. नळीचा उल्लेख पत्रात वेगळा हवा तो यासाठी.

कामाचा क्रम चुकवू नका. बरेच जण रागाने आधी खातंच बंद करतात. मग लॉगिन जातं, कंपनी म्हणते ‘ओळख पटवा’, आणि जिच्याकडे माहिती राहू नये असं वाटतं तिलाच आधार-पॅनच्या प्रती पाठवायची वेळ येते. (तरीही मागितलंच तर मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.)

म्हणून पहिल्यांदा खात्यात जाऊन नोंदणी कोणत्या ईमेलवर आहे ते पाहा. ऑफिसच्या शिबिरात ती हमखास ऑफिसच्या मेलवर झालेली असते. मिस्टरांनी नोकरी बदलली की तो मेल बंद होणार आणि खातं लटकणार. शिवाय ऑफिसच्या मेलमध्ये आलेलं ऑफिसच्या आयटी विभागाला दिसू शकतं. स्वतःचा मेल लावा, पासवर्ड दुसरीकडे कुठेही नसलेला ठेवा, ओटीपीची दुसरी पायरी चालू करा. मग ‘संशोधनात सहभाग’, ‘नातेवाईक जुळवणी’, ‘भागीदारांकडून ऑफर’ असे जे पर्याय चालू असतील ते सगळे बंद करा आणि प्रत्येकाचा तारखेसह स्क्रीनशॉट घ्या.

त्यानंतर पुरावा गोळा करा. तिन्ही रिपोर्ट, संमतीपत्राची प्रत, आजच्या तारखेचं प्रायव्हसी धोरण पीडीएफ करून, विलीनीकरणाचा मेल, आणि किटवरच्या बारकोडखालचा क्रमांक. हा क्रमांक फार महत्त्वाचा आहे, कारण प्रयोगशाळेत तुमचं नाव नसतं, नळी त्याच क्रमांकाने ओळखली जाते. क्रमांक नसलेल्या पत्राला ‘नमुना सापडत नाही’ हे उत्तर अगदी सोपं असतं. रॉ डेटाची फाइल उतरवून घ्यायची का, यावर आमचं मत: सांभाळता येत असेल तरच. घ्यायची तर पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये, पेनड्राइव्हवर. फॅमिली ग्रुपवर, कोणाबरोबर शेअर केलेल्या गुगल ड्राइव्हवर किंवा एखाद्या ‘फुकट विश्लेषण’ साइटवर ती गेली, तर कंपनीशी केलेल्या सगळ्या पत्रव्यवहाराला अर्थ राहत नाही.

आता पत्र. ते कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याच्या नावे, म्हणजे ‘ग्रीव्हन्स ऑफिसर’च्या. वेबसाइटवर त्याचं नाव आणि संपर्क देणं कंपनीला बंधनकारक आहे. ईमेल करा आणि त्याचीच प्रत नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोच मागून. तुमचं तुम्ही आणि मिस्टरांचं मिस्टरांनी पाठवायचं, एकाने दोघांसाठी लिहिलेलं चालत नाही. मुलासाठी पालक म्हणून दोघांच्या सह्या असलेलं वेगळं. मजकूर असा ठेवा:

‘किट क्रमांक अमुक याबाबत मी दिलेली सर्व संमती, संशोधनाच्या संमतीसह, आजपासून मागे घेत आहे. उरलेली लाळ व काढलेला डीएनए नष्ट करून तारीख कळवावी. रॉ डेटा, त्यावरून काढलेले निष्कर्ष व रिपोर्ट, बॅकअपसह खोडावेत. बॅकअपमधून कधी जाईल ती तारीख लिहावी. माझी माहिती आजवर कोणकोणाला दिली (प्रयोगशाळा, क्लाउड सेवा, समुपदेशक, विश्लेषण भागीदार, माझ्या किंवा माझ्या जोडीदाराच्या नोकरीची कंपनी) त्यांची नावे द्यावीत व त्यांनाही खोडण्यास सांगावे. विलीनीकरणात किंवा विक्रीत माझी माहिती व नमुना हस्तांतरित करण्यास माझी संमती नाही. कायद्याने काही नोंदी ठेवाव्या लागत असतील तर कोणत्या, कोणत्या नियमाखाली आणि किती काळ, ते लिहावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. प्रयोगशाळांना मान्यतेच्या अटींमुळे काही नोंदी ठेवाव्या लागतात हे खरं आहे, पण ‘काही नोंदी’च्या नावाखाली सगळंच ठेवलं जातं हेही खरं आहे.

एक ओळ मिस्टरांनी त्यांच्या एचआरलाही टाकावी: शिबिराचे निकाल कंपनीला नावानिशी मिळाले की एकत्रित? नावानिशी मिळाले असतील तर तीही प्रत खोडायला सांगा. एचआर बहुधा ‘फक्त एकत्रित’ म्हणेल. ते लेखी म्हणू दे.

उत्तर काय येईल याचा अंदाज सांगतो. ‘आपले खाते निष्क्रिय केले आहे.’ निष्क्रिय म्हणजे तुम्हाला दिसत नाही, त्यांना दिसतं. परत लिहा. ‘आपली माहिती अनामिक स्वरूपात ठेवली आहे.’ नाव-पत्ता काढला म्हणजे जनुकीय माहिती अनामिक झाली, असं नाही. नीट निवडलेली साधारण ७५ ठिकाणंसुद्धा एका माणसाला बाकी जगापासून वेगळं काढायला पुरतात आणि तुमच्या फाइलमध्ये काही लाख आहेत. ‘दोन कोटी लोकांपैकी अमुक टक्क्यांमध्ये हे अक्षर आढळतं’ अशी निव्वळ आकडेवारी उरली असेल तर हरकत नाही. ओळीओळीने तुमची अक्षरं उरली असतील तर आहे. ‘आधीच झालेल्या संशोधनातून माहिती काढता येणार नाही.’ हे उत्तर मात्र प्रामाणिक आहे. छापून आलेल्या अभ्यासातून कोणी मागे येऊ शकत नाही. पुढच्या अभ्यासात वापरणार नाही एवढं लिहून घ्या.

कायद्याचा आधार आज कोणता? २०२३ च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ग्राहकाचे हक्क त्यातल्या वेळापत्रकाप्रमाणे १८ महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतात. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम चालतात. त्यांत वैद्यकीय नोंदी आणि आरोग्याची स्थिती ‘संवेदनशील’ धरली आहे, संमती लेखी मागे घेता येते, गरजेपेक्षा जास्त काळ माहिती ठेवता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने एका महिन्यात निवारण करायचं असतं. स्पीड पोस्टाच्या पोचेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा ती यासाठी.

आमच्या मते नवा कायदा एका बाबतीत जुन्यापेक्षा मागे गेला आहे. त्यात ‘संवेदनशील’ असा वर्गच नाही, तुमचा मोबाइल नंबर आणि तुमचा जिनोम एकाच टोपलीत. दंड मोठा आहे, सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत, पण तो सरकारजमा होतो. नुकसानभरपाई देणारं ४३अ मात्र त्याच वेळी रद्द होणार आहे. भरपाई मागायची असेल तर आज महाराष्ट्रात ती राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने, मागता येते.

बहुतेकांना याहून सोपा रस्ता ग्राहक आयोगाचा पडेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्याला देणं ही ‘अनुचित व्यापार प्रथा’ आहे. पैसे ऑफिसने भरले म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं होत नाही, सेवेचा लाभार्थीही ग्राहकच. तक्रार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे पुणे जिल्हा आयोगात चालते, कंपनी हैदराबादची असो की गुरुग्रामची. सेवेची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. पुष्कळ कंपन्या तेवढ्यानेच हलतात.

नणंदेचं म्हणणं. ताई, त्या बरोबर आहेत. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा डीएनए सारखा असतो, आते-मामे भावंडांत सुमारे साडेबारा टक्के. सामाईक सातबाऱ्यावरच्या एका भावाने इतरांना न विचारता सही करावी, तसं झालं आहे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात ‘गोल्डन स्टेट किलर’ पकडला गेला तो जीईडीमॅच नावाच्या वंशावळीच्या साइटवर दूरच्या नातेवाइकांनी टाकलेल्या फाइलींवरून. त्याने स्वतः तिथे काहीच दिलं नव्हतं. गुन्हेगार सापडला हे उत्तमच, पण जी युक्ती खुन्याला शोधते ती कोणालाही शोधू शकते. आपल्याकडे जातीतल्या जातीत, काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नं होतात. त्यामुळे कागदावरच्या नात्यापेक्षा जनुकांचं नातं अनेकदा जास्त जवळचं असतं. नणंदेला घाबरवू नका, भारतात एवढे मोठे खुले साठे आज नाहीत. मिस्टरांनी ‘नातेवाईक जुळवणी’ बंद केली आणि नमुना नष्ट झाल्याचं पत्र आलं की ते त्यांना दाखवा. पुढच्या वेळी आधी विचारा.

मुलाचं पत्र सगळ्यांत आधी पाठवा. त्याच्या वतीने संमती तुम्ही दिलीत, परिणाम त्याला पुढची साठ-सत्तर वर्षं बाळगायचे आहेत. ‘स्पोर्ट्स टॅलेंट’ विसरा. अशा रिपोर्टमागे बहुधा एसीटीएन-३ सारखी मोजकी जनुकं असतात. क्रीडा-वैद्यक तज्ज्ञांनी २०१५ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की मुलांतली गुणवत्ता शोधायला अशा टेस्टचा उपयोग नाही. त्याला क्रिकेट आवडत असेल तर खेळू द्या. मोठेपणी होणाऱ्या आजाराचा धोका त्यात लिहिला असेल तर तो आत्ता त्याला सांगू नका, आणि शाळेच्या किंवा क्लबच्या फॉर्मला रिपोर्ट जोडू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पुण्याच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका वादात, मुलाची डीएनए चाचणी सरसकट करू नये असं बजावताना मुलाच्या जनुकीय माहितीच्या खासगीपणाचा स्वतंत्र विचार केला होता.

विमा. अमेरिकेत आरोग्य विमा कंपनीला जनुकीय माहिती वापरायला २००८ च्या कायद्याने बंदी आहे, आपल्याकडे तसा कायदा नाही. विमा नियामक आयआरडीएआयने मार्च २०१८ मध्ये परिपत्रक काढून एवढं सांगितलं की जनुकीय विकार म्हणून दावे नाकारू नका आणि नव्या पॉलिसींत तसं वगळण्याचं कलम घालू नका. प्रपोझल फॉर्मवर जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. ‘तुम्हाला अमुक आजार आहे का, उपचार चालू आहेत का’ असा प्रश्न असेल, तर ‘मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा जास्त’ असं म्हणणारा वेलनेस रिपोर्ट हे निदान नव्हे, उत्तर ‘नाही’च. पण ‘कधी जनुकीय चाचणी केली आहे का’ असं थेट विचारलं असेल तर लपवू नका. लपवलेलं नेमकं दाव्याच्या वेळी निघतं. न विचारता रिपोर्ट जोडायचा नाही, आणि एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या जनुकाचं किंवा तसं काही गंभीर लाल रंगात असेल, तर खोडण्यापूर्वी तेवढं पान जेनेटिक कौन्सेलरला, म्हणजे असे रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा आणि नव्या नमुन्यावर, वैद्यकीय प्रयोगशाळेत पक्की चाचणी करून घ्या. ग्राहकांच्या रॉ डेटातून काढलेले असे निष्कर्ष २०१८ च्या एका अभ्यासात पुन्हा तपासले, तेव्हा ४० टक्के चुकीचे निघाले होते.

राहिलं सासऱ्यांचं किट. शिबिरात त्याची नोंदणी त्यांच्या नावाने झालेली असू शकते, म्हणजे लाळ न देताही त्यांचं नाव, जन्मतारीख आणि मोबाइल कंपनीकडे आहे. तो बारकोड क्रमांक घालून ‘नोंदणी रद्द करा, नमुना दिलेला नाही’ असा चौथा मेल त्यांच्याकडून करवून घ्या. नळीच्या टोपणात रासायनिक द्राव असतो, तो मुलाच्या हाती लागू देऊ नका. किट कंपनीला परत पाठवायची गरज नाही, बारकोडचा फोटो काढून ठेवा आणि स्टिकर फाडून टाका.